तेराव्या वर्षी पहिला बॉल, अठराव्या वर्षी एनबीए: निर्वासित खेळाडूची वाट नेमकी कशी असते

२५ जून २०२५ रोजी ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट झाला, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड. दहाव्या क्रमांकावर नाव आलं खमान मलुआचचं. वय १८, उंची जवळपास ७ फूट २ इंच. जन्म आजच्या दक्षिण सुदानमधल्या रुम्बेकचा, बालपण युगांडात, कंपालाच्या कावेम्पे भागात, निर्वासित कुटुंबात. बास्केटबॉलशी त्याची गाठ पडली २०१९ मध्ये. अमेरिकेतली किंवा सर्बियातली मुलं त्या वयात पाच-सहा वर्षं खेळलेली असतात. त्याच्याकडे खेळायचे बूटही नव्हते, सुरुवात झाली ती क्रॉक्स घालून.

अशा गोष्टीला बातम्यांत 'चमत्कार' म्हणायची पद्धत आहे. तिची उकल केली तर दिसते एकापाठोपाठ एक दारांची रांग. प्रत्येक दाराची अट वेगळी आणि ती पाळायची मुदतही वेगळी. उशिरा सुरुवात झाली म्हणून या रांगेतून बाहेर पडणारे असतात, पण कागदांपायी अडकणारे कितीतरी जास्त. तरी सुरुवात खेळापासूनच करू, कारण खेळ जमला नाही तर कागदांचा प्रश्न येतच नाही.

उशीर कोणाला परवडतो

बास्केटबॉलची कडी जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते. ड्राफ्टआधीच्या मोजमापात मलुआचचा हात, पाय जमिनीवर टेकलेले असताना, सुमारे २.९० मीटरपर्यंत पोचला. म्हणजे कडी वर राहिली फक्त वीतभर. प्रशिक्षक म्हणतात की बाकी सगळं शिकवता येतं, उंची येत नाही. ते खरंच आहे, पण अर्धं. नुसत्या उंचीवर मुलाला मैदानात उभं करतात, ठेवत नाहीत.

उशीर चालतो तो मुख्यतः सेंटरला, म्हणजे कडीजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला. पॉइंट गार्डला बॉल टप्पे देत पुढे न्यायचा असतो, नऊ जणांच्या हालचाली एका नजरेत टिपायच्या असतात आणि अर्ध्या सेकंदात पास द्यायचा असतो. ही नजर आठव्या-दहाव्या वर्षापासून हजारो सामने खेळून तयार होते. तेराव्या वर्षी सुरुवात करून त्या दर्जाचा गार्ड होणं फारच दुर्मीळ. सेंटरचं काम मात्र तुकड्यांत शिकवता येतं. सहकाऱ्यासाठी भिंतीसारखं उभं राहून स्क्रीन लावायचा, लगेच वळून कडीकडे धावायचं, वरून आलेला पास झेलून बॉल कडीत घालायचा. बचाव करताना कडीखाली उभं राहून समोरच्याचा शॉट अडवायचा. निर्णय थोडे आणि तेच तेच.

ड्यूक विद्यापीठातल्या एका मोसमात मलुआचने सामन्यामागे सरासरी ८.६ गुण केले. आकडा मामुली वाटतो. पण त्याने मारलेल्या फटक्यांपैकी ७१ टक्क्यांहून जास्त आत गेले, कारण बहुतेक फटके कडीला हात लागेल इतक्या जवळून होते. स्वतः चाल रचायची नाही, दुसऱ्याने रचलेली पुरी करायची. निवड करणाऱ्यांनी आणखी एक आकडा हेरला असणार. फ्री थ्रोमध्ये तो चारपैकी तीन बॉल आत टाकत होता. जवळपास ४.६ मीटरवरून, कोणी अडवत नसताना मारलेला फटका मनगटाची जात दाखवतो. एखादा सेंटर पुढे लांबून मारायला शिकेल का, याचा अंदाज तीन गुणांच्या मोजक्या फटक्यांपेक्षा फ्री थ्रोवरून जास्त चांगला येतो.

पहिल्या दोन वर्षांत काय शिकवतात

नवख्या उंच मुलाला डंक, म्हणजे उडी मारून बॉल वरून कडीत कोंबणं, शिकवावा लागत नाही. शिकवावं लागतं ते बॉल झेलणं. सात नंबरचा बॉल साधारण ६०० ग्रॅमचा. तो वेगाने छातीकडे येतो तेव्हा लहानपणापासून खेळलेल्याची बोटं आपोआप उघडतात. उशिरा आलेला मुलगा तळव्यांनी झेलायला जातो आणि बॉल उसळून हातातून सुटतो. म्हणून सुरुवातीचे महिने यातच जातात: दोन्ही हातांनी झेल, झेलल्यावर बॉल हनुवटीच्या खाली आणायचा नाही, दोन्ही पायांवर एकदम थांबायचं, एक पाय रोवून वळायचं. कडीखाली उभं राहून एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने, बॉल खाली न आणता सलग टाकत राहायचा सराव आहे, त्याला मिकन ड्रिल म्हणतात. तो करताना बॉल कमरेपर्यंत खाली आला की समजायचं, सामन्यात सहा फुटी गार्ड येऊन तो हातातून काढून नेणार.

दुसरा मोठा धडा सरळ उडी मारण्याचा. नियम असा की आपल्या जागेवरून हात उभे ठेवून सरळ वर उडालं, तर अंगावर येऊन धडकणाऱ्याचा दोष. हात जरा पुढे झुकले की दोष आपला. नवखा खेळाडू बॉल दिसला की हात खाली मारतो. कॉलेज आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत ४० मिनिटांत पाचव्या फाउलवर बाहेर बसावं लागतं. एनबीएत ४८ मिनिटांत सहा फाउल चालतात. उशिरा आलेल्या सेंटरची मिनिटं कमी दिसतात त्याचं कारण बहुधा दम नसतो, फाउल असतात. त्यात आणखी एक मेख आहे. एनबीएत बचाव करणारा सेंटर कोणाला राखत नसेल तर कडीपुढच्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांहून जास्त थांबू शकत नाही; आंतरराष्ट्रीय नियमांत बचावावर ही अट नाही. एका नियमाखाली लागलेली सवय दुसरीकडे मोडावी लागते.

उंची कुठे कामी येत नाही, हे बघायचं तर ५ एप्रिल २०२५ची सॅन अँटोनिओतली कॉलेज स्पर्धेची उपांत्य लढत बघावी. ड्यूक ह्यूस्टनकडून ७०-६७ असा हरला आणि ७ फूट २ इंचांच्या मलुआचच्या नावावर एकही रिबाउंड, म्हणजे फटका हुकून परत आलेला बॉल पकडणं, नव्हता. रिबाउंड घेण्यासाठी आधी कंबर खाली घेऊन प्रतिस्पर्ध्याला पाठीने मागे रेटून ठेवावं लागतं. ह्यूस्टनचे खेळाडू बुटके, पण रेटारेटीत मुरलेले. लांब पायांचा मुलगा ताठ उभा राहिला की हलका धक्काही त्याला जागेवरून हलवतो. याला मांड्यांची ताकद लागते आणि ती दोन-तीन वर्षांत हळूहळूच येते.

इथेच घाई अंगाशी येते. वाढत्या वयातल्या उंच, सडपातळ मुलाकडून अचानक रोज तीन-चार तास उड्या मारून घेतल्या की गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा दुखायला लागतो. पायाच्या हाडांना बारीक तडे जातात, आणि त्यातल्या काही हाडांना रक्तपुरवठा कमी असल्याने ती लवकर भरून येत नाहीत. जोएल एम्बीड निर्वासित नाही, पण कॅमेरूनमध्ये तोही पंधराव्या वर्षीच खेळायला लागला होता. २०१४च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवड झाल्यावर पायाच्या दुखापतीने त्याचे पहिले दोन मोसम पूर्ण बुडाले. छावणीतल्या मुलाला तर लहानपणी पोटभर दूध-डाळही मिळालेली नसते. म्हणून चांगली अकादमी आधी आहार, झोप आणि दात बघते. हो, दातसुद्धा. किडलेल्या दातांमुळे नीट न जेवणारा मुलगा वजन कसं वाढवणार?

अकादमी ते राष्ट्रीय संघ

कंपालाच्या रस्त्यावर एका बोडा-बोडावाल्याने, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याने, या उंच मुलाला बास्केटबॉल खेळ म्हणून सुचवलं. जवळचं कोर्ट गाठायला तासभर चालावं लागायचं. पुढे २०२१ मध्ये तो सेनेगलमधल्या साली गावी एनबीए अकादमी आफ्रिकेत गेला. राहणं, जेवण, शाळा आणि सराव, सगळं एकाच आवारात. उशिरा आलेल्याला तास भरून काढायला याहून चांगली सोय नाही.

पण सराव म्हणजे सामना नव्हे. ती उणीव बास्केटबॉल आफ्रिका लीगने भरून काढली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या लीगची एक योजना आहे: अकादमीतला एकेक मुलगा प्रत्येक क्लबला मोसमापुरता देतात. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा तीस वर्षांच्या संसारी माणसांविरुद्ध खेळतो. मलुआच असे तीन मोसम खेळला. त्यांत दक्षिण सुदानचा कोब्रा स्पोर्ट होता, सेनेगलचा डुआन होता आणि कंपालाचाच सिटी ऑइलर्सही. २०२३च्या विश्वचषकात तो १६ वर्षांचा होता, पॅरिस ऑलिंपिकमध्ये १७ वर्षांचा.

दक्षिण सुदानचा संघ उभा राहिला त्यात लुओल डेंगचा वाटा मोठा आहे. त्याचा जन्म १९८५ मध्ये वाऊचा. कुटुंब इजिप्तला पळालं, तिथून लंडनला. चौदाव्या वर्षी तो न्यू जर्सीच्या ब्लेअर अकादमीत गेला, २००४ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला आणि शिकागो बुल्समध्ये असताना दोनदा ऑलस्टार, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाला. पुढे देशाच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष म्हणून त्याने पदरचे पैसे घालून संघ चालवला. २०११ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात खेळायला धड बंदिस्त कोर्टही नव्हतं. तरी जुलै २०२४ मध्ये लंडनच्या सराव सामन्यात लेब्रॉन जेम्सच्या अमेरिकेला १०१-१०० असं जेमतेम निसटावं लागलं, आणि पॅरिसमध्ये या संघाने प्वेर्तो रिकोला ९०-७९ असं हरवलं. ऑलिंपिक बास्केटबॉलमधला हा त्यांचा पहिलाच सामना होता. त्याआधी आयोजकांनी भलत्याच देशाचं राष्ट्रगीत लावलं होतं.

कागद

आता अवघड भाग. निर्वासिताकडे सहसा स्वतःच्या देशाचा पासपोर्ट नसतो. १९५१च्या जिनिव्हा करारानुसार आश्रय देणारा देश त्याला निर्वासितांचं प्रवासपत्र देऊ शकतो. युगांडाचा २००६चा निर्वासित कायदा त्या मानाने उदार आहे. त्यात काम करायची आणि फिरायची मुभा आहे, म्हणूनच मलुआचसारखी मुलं छावणीत न राहता शहरात वाढतात. केनियातल्या काकुमा छावणीतल्या मुलाला छावणीबाहेर जायचं तरी परवानगी काढावी लागते. किती तास चालत कोर्टवर जायचं हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही.

आता पेच बघा. मुलाला जन्मदेशाच्या संघातून खेळायचं असेल तर त्या देशाचा पासपोर्ट घ्यावा लागतो. त्याच करारात एक कलम आहे: ज्या देशातून पळालात त्याच देशाचं संरक्षण स्वखुशीने परत घेतलंत, तर निर्वासित हा दर्जा संपू शकतो. पासपोर्ट काढणं ही त्याची एक खूण मानली जाते. म्हणजे विश्वचषकाची जर्सी अंगावर चढवताना आश्रयाचं छप्पर जाऊ शकतं. सही करण्याआधी वकिलाला दाखवावी अशी ही पहिली गोष्ट. बहुतेक कुटुंबांना ती सही झाल्यावर कळते.

आश्रय देणाऱ्या देशाकडून खेळायचं ठरवलं तर आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिबाची, सोळाव्या वर्षाची रेघ आडवी येते. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर नागरिकत्व मिळालेला एकच खेळाडू संघात घेता येतो. अठराव्या वर्षी नागरिक झालेल्या निर्वासित मुलाला त्या एका जागेसाठी कोणाशी झगडावं लागतं? बहुधा मुद्दाम आणलेल्या तयार अमेरिकन व्यावसायिकाशी. म्हणून नागरिकत्वाचा अर्ज पंधराव्या वर्षी करणं आणि सतराव्या वर्षी करणं यांत सबंध कारकिर्दीचा फरक पडू शकतो. एनबीएतला तारा यानिस आंतेतोकुम्पो निर्वासित नव्हता, पण अथेन्समध्ये जन्मून, वाढूनही त्याच्याकडे कोणत्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. ग्रीसने ते दिलं मे २०१३ मध्ये, ड्राफ्टला काही आठवडे राहिले असताना.

जन्मतारखेचं दुखणं वेगळंच. युद्धात जन्मलेल्या मुलाकडे दाखला नसतो, नोंदणी करणारा कारकून अंदाजाने '१ जानेवारी' लिहून मोकळा होतो. पुढे वयोगटाच्या स्पर्धेत उंच मुलाकडे सगळे संशयाने बघतात. मनगटाच्या एक्सरेवरून हाडांचं वय काढतात, पण त्यात वर्ष-दीड वर्षाची चूक सहज होते. सगळ्यात वाईट म्हणजे दोन कागदांवर दोन तारखा असणं. शाळेच्या दाखल्यावर एक आणि निर्वासित नोंदणीवर दुसरी असेल तर व्हिसाच्या खिडकीवर ती खोटेपणाची खूण ठरते. दुरुस्ती करायची तर ती पहिला आंतरराष्ट्रीय अर्ज करण्याआधी, पहिल्या नोंदणीच्याच कार्यालयात.

अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा, एफ-१, हा तर निर्वासितासाठी उफराटाच. अर्जदाराने पटवून द्यायचं असतं की शिक्षण संपल्यावर मी घरी परत जाईन. ज्याचं घरच सुटलंय त्याने हे पटवायचं कसं? त्यात एफ-१ वर कॅम्पसबाहेर काम करायला जवळपास बंदी. अमेरिकन खेळाडू आता जाहिराती आणि विद्यापीठाच्या उत्पन्नातला वाटा मिळून लाखो डॉलर कमावतात. शेजारच्या लॉकरमधला परदेशी सहकारी वकिलाला विचारल्याशिवाय बुटाच्या जाहिरातीत उभाही राहू शकत नाही.

आणि व्हिसा मिळाला तरी तो टिकेलच असं नाही. रिबाउंड न मिळालेल्या त्या सामन्याच्याच दिवशी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दक्षिण सुदानच्या पासपोर्टवरचे सगळे व्हिसा रद्द करत असल्याचं जाहीर केलं. कारण खेळाशी संबंधित नव्हतंच, परत पाठवलेले नागरिक स्वीकारण्यावरून दोन सरकारांत वाद होता. ड्यूकचा सेंटर त्या दिवशी त्याच पासपोर्टचा धनी होता.

ड्राफ्टखेरीजची वाट

कॉलेजात खेळायलाही शैक्षणिक गाळणी आहे. अमेरिकेतल्या वरच्या गटातल्या विद्यापीठांसाठी हायस्कूलचे १६ ठरावीक विषय लागतात आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी. त्यातही नववी सुरू झाल्यापासून वेळ मोजली जाते. भाषा कच्ची म्हणून मुलाला पुन्हा त्याच इयत्तेत बसवलं, की चार वर्षांची मुदत निघून जाते आणि नंतर केलेले विषय जवळजवळ धरतच नाहीत. चांगल्या हेतूने केलेली ही सगळ्यात महागडी चूक.

यातून पळवाट म्हणजे दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज. ड्युओप रीथ त्याच वाटेने गेला. जन्म १९९६चा, दक्षिण सुदानमधल्या वाट नावाच्या गावचा. लहानपणीच कुटुंब ऑस्ट्रेलियात आलं आणि बास्केटबॉल त्याने किशोरवयात उशिरा सुरू केला. टेक्ससमधलं ली कॉलेज, तिथून लुइझियाना स्टेट विद्यापीठ. २०१८च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कोणी घेतलं नाही. मग सर्बिया, ऑस्ट्रेलिया, चीन. टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाने कांस्यपदक जिंकलं त्या संघात तो होता. पोर्टलँड ट्रेल ब्लेझर्सने २०२३ मध्ये करार दिला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. मलुआचपेक्षा रीथची वाट जास्त जणांना लागू पडते असं माझं मत आहे. ड्राफ्टमध्ये दरवर्षी साठाच्या आसपास नावं घेतात. जगभरच्या क्लबांना लागणारे सेंटर शेकड्यांनी मोजावे लागतील.

रीथला आधी मिळाला तो 'टू-वे' करार. एनबीए संघ असे तीन खेळाडू ठेवू शकतो. ते बराच काळ दुय्यम जी लीगमध्ये खेळतात, मुख्य संघात जास्तीत जास्त ५० सामने, आणि बाद फेरीत खेळायची मुभा नाही. त्याच मोसमात पोर्टलँडने त्याचा करार नेहमीच्या करारात बदलला. पहिल्या फेरीतल्या मलुआचचं गणित वेगळं: पगार ठरलेल्या तक्त्याच्या ८० ते १२० टक्क्यांत, पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं-चौथं संघाच्या मर्जीवर.

क्लबांच्या वाटेवर धोका आहे तो पगार थकण्याचा. दोन महिने पैसे येत नाहीत, व्हिसा क्लबच्या हाती, मायदेशी परतायची सोय नाही. निर्वासित खेळाडूला दाबणं सोपं जातं. त्यासाठी जिनिव्हाला बास्केटबॉल लवाद आहे, बॅट नावाचा, २००७ पासून. पण वाद तिकडे नेता येईल असं वाक्य करारातच लिहिलेलं असावं लागतं. ते नसेल तर क्लबच्या देशातल्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. सहीपूर्वी तीन ओळी शोधाव्यात: लवादाचं कलम, किती दिवस पगार थकला की करार मोडून दुसऱ्या क्लबात जायला फिबाचं मोकळीकपत्र मागता येईल ते, आणि परतीचं तिकीट नेमकं कुठलं. 'मायदेशी' एवढंच लिहिलेलं असेल तर तिथे शहराचं नाव घालून घ्यावं.